निरशा दुधाचा नवस

पाटणकडे जाऊन आले म्हटलं की सांगलीतली माणसं दोनच प्रश्न विचारतात : धरण पाहिलंत का, आणि पवनचक्क्या पाहिल्यात का? दोन्ही पाहिलं नाही. मी एक गाय पाहून आले आणि एक गवा जिथं मरून पडला होता ती जागा पाहून आले. हे ऐकलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो. म्हणून लिहून काढायचं ठरवलं.

आधी माझी ओळख करून देते. मिरजेच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी तीसेक वर्षं लोकांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू शोधले. लग्नाच्या बैठकीत हे काम सांगितलं की आलेलं स्थळ चहा न घेता उठायचं, त्यामुळे मी सुखात राहिले. माझी भाची रेवती जनावरांची डॉक्टर आहे. कोयनेच्या खोऱ्यात एक गवा मेला, त्याच्या फुप्फुसात गाठी निघाल्या आणि त्या क्षयाच्या ठरल्या. जंगलातल्या जनावराला हा रोग बहुतेक वेळा गावातली गुरं देतात. म्हणून त्या बाजूच्या गावातल्या गाई-म्हशी तपासायचं काम रेवतीकडं आलं. "मावशी, येतेस का? हवा छान आहे," म्हणाली. छान हवेत राहणारी माणसं काय उद्योग करतात ते बघायची मला हौस आहे, म्हणून निघाले.

मंगळवार : सांगली ते देवीचं गाव

आष्टा, पेठ नाका, कराड हा रस्ता मी सांगणार नाही. तो गेली कित्येक वर्षं रुंद होतो आहे आणि अजून व्हायचा आहे. वाटेत ज्या पुढाऱ्यांचे वाढदिवस होते त्यांचे फलक झाडांपेक्षा उंच होते. आम्ही सांगलीहून आणलेलं भडंग खात आणि त्यांच्या मिशांना नावं ठेवत पाटण गाठलं.

पाटण मागं पडलं आणि मला गप्प बसावं लागलं. नावं ठेवण्यासारखं काही दिसेना. डोंगर अजून हिरवे होते, भात कापून झालेल्या खाचरांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि हवा खरोखरच इतकी स्वच्छ होती की माझ्यासारखीच्या छातीला ती जरा संशयास्पद वाटली. सांगलीत आम्ही उसाच्या पाचटाचा धूर खाऊन जगतो.

माझं गप्प बसणं फार टिकलं नाही. एका वळणावर पुण्याच्या लोकांसाठी बांधलेलं विश्रामगृह लागलं. शेणानं सारवलेल्या भिंती, आत वातानुकूलन. चहाला थांबलो तर तिथल्या पाटीवर लिहिलेलं, 'देशी गाईचं शुद्ध निरसं दूध, न तापवलेलं'. काचेच्या बाटलीत ते दूध घेऊन एक बाई आपल्या मुलाला समजावत होत्या की तापवल्यावर त्यातलं सगळं सत्त्व मरतं. मी म्हटलं, "मरतं खरं, आणि त्यातला क्षयही मरतो." त्यांनी मुलाला माझ्यापासून दुसऱ्या टेबलावर नेलं. बाटली बरोबर नेली.

ज्या गावात आमचा मुक्काम होता ते डोंगराच्या पोटात आहे. नाव लिहीत नाही, कारण तसल्या गावांचं नाव झालं की दुसऱ्या दिवशी तिथं फोन घेऊन माणसं उभी राहतात. उतरलो हिराबाईंच्या घरी. हिराबाई साठीच्या, ताठ, गोठ्यात तीन म्हशी, मुलगा फौजेत. घरात सून सारिका, तिची पाच वर्षांची मुलगी स्वरा, आणि सहा महिन्यांचा एक गुटगुटीत मुलगा. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ठेचा असं जेवण झालं. आमटी आमच्याकडं अशी जमत नाही, हे मी हिराबाईंना सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं.

हात धुताना माझं लक्ष स्वराकडं गेलं. मानेच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या. एक फुटून वाहून गेलेली आणि तिच्यावर कसल्याशा पाल्याचा वाळलेला लेप. मी तिला जवळ ओढलं, बोटं लावून पाहिली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, म्हणाले की ही गंडमाळ आहे, म्हणजे मानेतला क्षय, आणि पाल्यानं ती जाणार नाही.

सारिकाचा चेहरा उतरला. हिराबाई म्हणाल्या, देवीच्या गुरवानं मंतरलाय तो पाला, उतार पडतोय. मला संताप आला आणि तो मी दाबला नाही. पोर खोकते का, ताप येतो का, घरात कुणाला होता का, असं विचारत गेले. सगळ्याला नाही. मग मी विचारलं, दूध कुठलं पिते? म्हशीचं, उकळलेलं, सारिका म्हणाली. भांडी उचलत पुढं म्हणाली, "आन् शुक्रवारी देवीचं."

देवीचं दूध म्हणजे काय, ते आम्ही देवळात जाऊन पाहिलं. देऊळ गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि त्याच्या आवारात एक संकरित गाय मोकळी हिंडत होती. हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, आणि ती मान लांब करून खोकत होती. ही देवीला सोडलेली गाय. हिला दावं लावायचं नाही, कारण देवीला बांधायचं कुणी? ही वाटेल त्या शेतात चरते, वाटेल तेव्हा डोंगरावर जाते. देवळात आल्यावर ती व्याली, वासरू जगलं नाही, दूध राहिलं. दर शुक्रवारी गुरव वाटीत धार काढायचा आणि गावातल्या पोरांना चमचा चमचा द्यायचा. त्या दुधाला विस्तव लावायचा नाही. विस्तव लावला तर देवी तापते. आता गाय आटत आली होती, म्हणून फक्त उष्टावणापुरतं उरलं होतं. येत्या शुक्रवारी हिराबाईंच्या नातवाचं उष्टावण होतं. पोरगा नवसाचा. पहिला घास म्हणून ह्याच गाईचं निरसं दूध पाजायचं, असं हिराबाई देवीला बोलून बसल्या होत्या.

रेवतीनं गुरवाला सांगितलं की गाय तपासायची आहे. मला वाटलं आता भांडण. पण गुरव समजूतदार निघाला. दाव्याला देवीची मनाई आहे, सुईला नाही, म्हणाला. देवीच्या नियमात सुई लिहिलेली नव्हती म्हणे. मग त्यानंच गाईच्या तोंडापुढं गूळ धरला, रेवतीनं मानेवरचे केस थोडे भादरले, कातडीत औषध टोचलं आणि सगळ्यांना सांगितलं : तीन दिवसांनी, शुक्रवारी, तिथं सूज दिसली तर गाईला क्षय आहे. गावातल्या बाकीच्या गुरांनाही तसंच टोचलं. गाय खोकत खोकत डोंगराकडं निघून गेली.

बुधवार : डोह

सकाळी गवा मेला होता ती जागा बघायला गेलो. गावापासून चढण आहे. माझे गुडघे वाटेत मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वनखात्याचा एक रक्षक पुढं होता आणि त्याच्या पुढं त्याचा फोन.

वर झाडीत एक लहानसा डोह आहे. उन्हाळ्यातही आटत नाही. काठच्या चिखलात खूर उमटलेले होते, काही थाळीएवढे, काही आपल्या गाईंचे. रक्षकानं सांगितलं की पहाटे गवे येतात, दिवसा गावची गुरं. काठावरचा एक दगड चाटून चाटून गुळगुळीत झालेला होता, त्यात खार असावा. गवे तो चाटतात. देवीची गाय पण चाटते, तो कौतुकानं म्हणाला. रेवती उकिडवी बसून चिखलाचे नमुने बाटल्यांत भरत होती. तिनं मान वर करून फक्त माझ्याकडं पाहिलं.

गवा मेला त्याची हकीगत रक्षकानं रंगवून सांगितली. आठवडाभर तो गावाजवळ उभा होता, रोडावलेला, न पळणारा. गवा पळत नाही म्हणजे आजारी आहे, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. पण आसपासच्या गावांतले शूर लोक दुचाक्या घेऊन आले. आरडाओरडा केला, फटाके लावले, त्याच्या मागं पळत चित्रण केलं. इतकं मोठं जनावर, छातीत गाठी, धापा टाकत ह्या डोहापर्यंत आलं आणि पाण्यातच कोसळलं. मग सगळ्यांनी त्याच्या शिंगांना धरून फोटो काढून घेतले. काहींनी अंगावर पाय ठेवून काढले. तोंडातून आलेला फेस हाताला लागलेला एकजण तर तसाच वडापाव खायला बसला, रक्षक हसत म्हणाला. ते हसणं मला अजून आठवतं.

रेवतीनं सांगितलं की ह्या डोहावर येणारा कळप मोठा आहे आणि त्यातली आणखी दोन जनावरं रोड दिसतात. गव्यांना गोळ्या देता येत नाहीत, कोंडता येत नाहीत. एकदा रोग कळपात मुरला की तो सांबरात जातो, रानडुकरात जातो, आणि पुन्हा उलटा गावच्या गुरांत येतो. थांबवायचा तर एकच रस्ता : आजारी गुरं ह्या पाण्यावर यायची थांबवायची. म्हणजे देवीच्या गाईला बांधायचं. हे लिहीपर्यंत तिला कुणी बांधलेलं नाही. 'वन्यजीव वाचवा' असा एक फलक मात्र डोहाच्या वाटेवर लागला आहे, त्यावर वाघाचं चित्र आहे.

खाली आल्यावर मी हिराबाईंशी वाद घातला. चुलीपुढं बसून, भाकऱ्या थापल्या जात असताना. मी जंतू म्हणजे काय ते सांगितलं, तान्ह्या पोराच्या पोटात ते गेले तर काय होतं ते सांगितलं, मेंदूत गेले तर काय होतं तेही सांगितलं. सारिका बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती आणि त्याला थोपटणारे तिचे हात थांबले होते. हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तुमी बेडकं बघितली बाई. मी देवी बघितली." मी भाकरी खाल्ली. ती चांगली होती, त्याचाही मला राग आला.

गुरुवार : मलकापूर

सारिका सकाळी स्वराला घेऊन तयारच बसली होती. सासूला विचारलं होतं का, ते मी विचारलं नाही. कराडला माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळा चालवते. तिथं डॉक्टरांनी गाठीत सुई घालून पू काढला. स्वरा रडली, मग तिला शेवचिवडा मिळाला, मग ती गप्प झाली. काच रंगवून झाल्यावर विद्यार्थिनीनं मला खुर्ची दिली. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या होत्या. थोड्याच, पण होत्या. आयुष्यात अशा हजारो काचा पाहिल्या आणि ज्यांच्या होत्या त्यांची तोंडं पाहिली नव्हती. ह्या वेळी जिचं दुखणं काचेवर होतं ती पलीकडं बाकावर पाय हलवत चिवडा खात होती. मला रडू आलं. विद्यार्थिनीनं ते पाहिलं नाही असं दाखवलं.

हे जंतू गाईचे की माणसाचे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याला वेगळी तपासणी लागते आणि ती आठवडे घेते. कळणं मात्र महत्त्वाचं असतं, कारण नेहमीच्या औषधांतलं एक औषध गाईच्या जंतूंवर चालतच नाही. डॉक्टरांनी ते लक्षात ठेवून उपचार सुरू केले. गोळ्या सरकारी, फुकट. आता स्वराच्या गाठी उतरत आहेत, असं सारिका फोनवर सांगते.

देवळातल्या भिंतीवर गोदान करणाऱ्याचं नाव संगमरवरात कोरलेलं होतं. माणूस कराडजवळच्या मलकापूरचा, उसाचा बागायतदार. आबासाहेब म्हणू. कराडला आलोच होतो, म्हणून त्याच्याकडं गेलो. सारिका आणि स्वरा गाडीत थांबल्या. गोठा माझ्या घरापेक्षा स्वच्छ. पंखे, रबराच्या गाद्या, गाईंना गाणी लावलेली. आबासाहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चहा ठेवायला सांगितला. त्यांच्या घरात दूध तीनदा उकळतात, हे मला आतून येणाऱ्या वासावरून आणि नंतर त्यांच्या तोंडून कळलं.

ती गाय आजारी होती हे तुम्हाला ठाऊक होतं का, रेवतीनं सरळ विचारलं. आबासाहेब लपवणारे नव्हते. गोठ्याची तपासणी करून घेतली तेव्हा तिच्यात दोष निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते, हिला बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग त्यांनी काय केलं? फेटा बांधला, बँड लावला, गाईच्या शिंगांना सोनेरी रंग दिला आणि ट्रकातून देवीला नेऊन सोडली. गावजेवण घातलं. गावातल्या लोकांनी आबासाहेबांच्या पाया पडून गाय घेतली.

मी म्हटलं, तुम्ही रोग दान केलात. ते चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलू लागले.

"आवं बाई, इकली असती तर दुसऱ्याच्या गोठ्यात रोग. पाप कुणाला? मला. मारावी तर कायदा हाय, आन् आमच्यात कोण मारंल? गोठ्यात ठेवावी तर समदी दावण बसली असती. मग र्‍हायलं कोण? देवी. देवीला काय क्षय व्हतोय व्हय?"

मी त्यांना स्वराची गोष्ट सांगितली. त्यांनी पोरीच्या औषधाला पैसे देऊ केले. मी म्हटलं, औषध फुकट असतं. मग त्यांनी रेवतीला विचारलं की बांधून ठेवायची म्हणता, पण असली गाय आयुष्यभर पोसायची कुणी, तिला मारली तर भरपाई कोण देतंय, तेवढं सांगा. मला त्या माणसाची घृणा वाटत होती आणि त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि हे दोन्ही एकाच खुर्चीवर बसून सहन करावं लागलं. चहा मी प्यायले नाही. रेवती प्यायली, ती अजून तरुण आहे.

परत जाताना गाडीत सारिका पाटणच्या अलीकडं म्हणाली, "उद्या मी न्हाई म्हणलं तर घरात र्‍हायचं कसं? नवस आत्यांचा हाय." आत्या म्हणजे तिकडं सासू. मी तिला म्हटलं, उद्या मी आहे. हे म्हणताना मला फार शूर वाटलं.

शुक्रवार : देवीचा वार

सकाळपासून देवळात गर्दी होती. उष्टावणं दोन होती, एक हिराबाईंच्या नातवाचं आणि एक शेजारच्या वाडीतल्या रत्नाच्या मुलीचं. रत्नाचा नवरा मुंबईला कामाला, घरात ती आणि पोर, बस. खिरीचे डबे, हळद-कुंकू, नारळ, नवे झबले. गाय देवळाच्या पायरीशी उभी होती आणि तिच्या मानेवर, टोचलं होतं तिथं, मुठीएवढी सूज चढली होती. लांबूनच दिसत होती. रेवतीनं तरी मापून पाहिली.

मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ह्या गाईला क्षय आहे, हिचं दूध कुणी न तापवता घेऊ नका आणि हिला डोंगरावर सोडू नका. गर्दीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, सुई टोचल्यावर सुजणारच. रेवती म्हणाली, गावातल्या सगळ्या गुरांना तीच सुई टोचली होती, सुजल्या फक्त तीन, ही आणि हिच्याबरोबर डोंगरावर चरायला जाणाऱ्या दोन. मी पुढं झाले आणि आबासाहेबांच्या गोठ्यातल्या तपासणीबद्दल आणि स्वराच्या काचेबद्दल सांगितलं. आवाज चढवला. मिरजेत मी असा आवाज चढवला की वॉर्डबॉय सरळ व्हायचे.

गुरव शांतपणे ऐकत होता. मग त्यानं मला विचारलं, "पोरीला गाईनंच दिला कशावरनं? कुणा माणसानं दिला नसंल कशावरनं?"

प्रश्न चोख होता. पोरांना क्षय बहुतेक वेळा माणसाकडूनच येतो. आठवड्यांनी येणाऱ्या तपासणीशिवाय मला शपथेवर काही सांगता येत नव्हतं, आणि खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, अजून सांगता येत नाही. झालं. गर्दीनं सुस्कारा टाकला. अडाण्यांना हरवणं सोपं असतं हा माझा समज होता, पण तो अडाणी नव्हता. मी विनवलं की निदान तापवून द्या. त्यानं मान हलवली. विस्तव चालत नाही. सांडून दिलं तर? सांडलं तर अपशकुन. नवसाचं दूध पोटातच गेलं पाहिजे. इतकं सांगून तो गाईखाली बसला आणि त्यानं वाटीत धार काढली.

सारिका बाळाला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. काल मी तिला जे म्हटलं होतं ते आठवून माझी मान खाली गेली. गुरवानं वाटी पुढं केली. ती सारिकानं घ्यायच्या आधी हिराबाईंनी घेतली.

त्यांनी वाटीकडं पाहिलं, स्वराच्या मानेकडं पाहिलं, देवीला वाकून नमस्कार केला. आणि एका घोटात दूध पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसून गुरवाला म्हणाल्या, "लेकराच्या वाटचं मी घेतलं. माज्याच पोटातनं आलाय त्याचा बाप. नवस फिटला का न्हाई, सांग."

गुरवानं एकदा देवीकडं पाहिलं. देवीच्या नियमात हेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यानं मान डोलावली, फिटला म्हणाला. हिराबाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की तुमच्या गोळ्या लागल्या तर त्या बी मीच खाईन. सारिकानं डब्यातली घरची उकळलेली खीर बोटानं बाळाच्या ओठाला लावली. त्यानं ती थुंकली आणि सगळे हसले.

मला हिराबाईंचा राग आला होता, आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. ते ठेवायला मी वाकणार तेवढ्यात गुरव पुन्हा गाईखाली बसला. दुसरं उष्टावण होतं. धार वाटीत वाजली. रत्ना पोरीला काखेत घेऊन पुढं आली, वाटी हातात घेतली आणि उभी राहिली. तिला सासू नव्हती. आई लांब. गर्दीतली एकही बाई पुढं झाली नाही. मघाशी सुस्कारा टाकणाऱ्याही झाल्या नाहीत, म्हणजे माझं बोलणं त्यांना पटलं होतं तर.

रत्नानं वाटी माझ्यापुढं धरली. "तुमी सांगताय न्हवं, पाजू नगं म्हणून? मग ह्ये कोण पिणार? मी प्यावं तर पोर अंगावर पितीया."

मी म्हटलं, मी परकी. गुरव लगेच म्हणाला, "लेकराच्या हातावर साखर ठिवा, मावशी व्हा. मावशीचं चालतंय."

आपल्याकडं म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. इथं हिशेब उलटा लागला होता. मागून रेवती ओरडत होती, मावशी, काही तरीच करू नकोस. मी मनात तपासून पाहिलं : मोठ्या माणसाला एका वाटीनं क्षय होईलच असं नाही, झाला तर औषध आहे, आणि तीस वर्षं ज्यांना काचेवर ओळखलं ते काही नवीन पाहुणे नाहीत. सहा महिन्यांच्या पोरीबद्दल ह्यातलं काहीच म्हणता आलं नसतं. शेजारणीच्या डब्यातली चिमूटभर साखर घेऊन मी त्या पोरीच्या मुठीत ठेवली. तिनं माझं बोट धरलं आणि सोडेना. दुसऱ्या हातानं मी वाटी तोंडाला लावली.

दूध कोमट होतं. आणि चार दिवस सगळ्यांना इतकी नावं ठेवलीत तर हेही लिहिते : गोड होतं.